मामांची जावा, पेटीतली जुनी मोटारसायकल-मासिके आणि टाकीवरच्या नावाचा घोळ

प्रश्न : दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

सर्वांना नमस्कार. माझे थोरले मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे काम चालू होते त्या काळात त्यांची बहुतेक नोकरी पाथरी, मानवत आणि परभणीकडच्या कॅम्पांवर गेली. कालव्याच्या कडेने मुरमाच्या रस्त्यावरून रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरावे लागे, म्हणून त्यांनी जावा २५० घेतली होती. मामा गेल्या वर्षी वारले. मामींनी वाड्यातली माळवदाची खोली रिकामी करायला काढली, तेव्हा गाडी माझ्याकडे आली आणि गाडीबरोबर एक लोखंडी पेटीही आली. पेटीत कपडे किंवा भांडी असतील असे वाटले होते, पण उघडून पाहिली तर ती काठोकाठ मोटारसायकलींच्या मासिकांनी आणि साप्ताहिकांनी भरलेली होती.

अंक मोजले तर एकशे चाळीसच्या आसपास भरले. त्यात इंग्लंडच्या 'द मोटर सायकल' या साप्ताहिकाचे साठेक अंक आहेत. ते १९५४ पासून १९६१ पर्यंतचे आहेत, पण सलग नाहीत. अमेरिकेच्या 'सायकल वर्ल्ड'चे १९७० नंतरचे तीसेक अंक आहेत आणि उरलेले आपल्याकडचे, बरेच अलीकडचे आहेत. मामांची सासुरवाडी हैदराबादची. दोन-तीन महिन्यांनी ते तेव्हाच्या मीटरगेज गाडीने तिकडे जात आणि रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर मांडलेल्या जुन्या पुस्तकांतून हे अंक वेचून आणत, असे मामी सांगतात. पुष्कळशा अंकांवर कुठल्याशा वाचनालयाचा पुसट जांभळा शिक्का आहे.

माझ्यापुढे अडचणी चार आहेत. पहिली अशी की, माळवद एका पावसाळ्यात गळले होते आणि पेटीच्या तळाशी असलेले गुळगुळीत कागदाचे अंक भिजून, वाळून, एकमेकांना चिकटून त्यांची अक्षरशः वीट झाली आहे. बाकीच्यांच्या पिना गंजल्या आहेत. दुसरी अडचण गाडीची आहे. आरसी बुकात 'जावा' असे लिहिले आहे आणि नोंदणीचे साल १९७२ आहे, पण टाकीवर मात्र 'येझदी' अशी अक्षरे आहेत. आमचा फिटर म्हणतो की गाडी येझदीच आहे, आरसीत चूक झाली असेल. पेंटर म्हणतो, "पुस्तकात दिसते तशी करून देतो." पण पुस्तकातले, म्हणजे १९५७ च्या अंकातले छायाचित्र काळे-पांढरे आहे, हे मी दाखवले तेव्हा तो माझ्याकडेच पाहत राहिला. तिसरी अडचण : एका संग्राहकाने दूरध्वनी करून अंकांतली फक्त जाहिरातींची पाने मागितली आहेत, त्याला ती कापून, चौकटीत बसवून हॉटेलच्या भिंतीवर लावायची आहेत आणि तो देत असलेली रक्कम माझ्या दृष्टीने लहान नाही.

चौथी गोष्ट किरकोळ आहे. मामांना मासिकाच्या समासात पेन्सिलीने हिशेब लिहायची सवय होती. किती लिटर पेट्रोल घातले, किती ऑइल मिसळले, मीटरचा आकडा काय, पाथरीहून सेलूला दोन माणसे घेऊन गाडी किती चालली, असे सगळे बारीक अक्षरात जागोजाग लिहिलेले आहे. ते खोडरबराने पुसून अंक स्वच्छ करावेत का? आणि एकंदर हा संग्रह पुढे वाढवण्यात, मधले नसलेले अंक शोधण्यात काही अर्थ आहे का, तेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

मी मोटारसायकलीतला माणूस नाही. मी तीस वर्षे एका वाचनालयात काम केले, त्यामुळे कागदापुरते बोलतो. आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान कायमचे होईल : पेन्सिलीचे एकही अक्षर पुसू नका. खोडरबराने जुन्या कागदाचा वरचा थर निघतो, छापील मजकूर फिका होतो, आणि आपल्या मामांच्या नोंदी ज्या अंकांवर आहेत ते अंक जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत.

आता विटेसंबंधी. गुळगुळीत मासिकाच्या कागदावर चिनी मातीसारख्या पांढऱ्या मातीचा लेप असतो आणि तो लेपच फोटोंना झळाळी देतो. असा कागद भिजला की लेप मऊ होऊन समोरच्या पानाला धरतो आणि वाळला की सरसासारखा घट्ट बसतो. अंक ओला असतानाच पानापानांत कोरा कागद घातला असता तर तो वाचला असता. आता वाळून गेलेल्या विटेत सुरी, पट्टी किंवा इस्त्रीची वाफ घालू नका. गृहिणींचा इस्त्रीचा उपाय मीही एकदा करून पाहिला होता आणि वाचनालयाच्या एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ त्यात गमावले. वीट जशी आहे तशी कोरड्या जागी ठेवा आणि जे सुटे आहेत त्या अंकांकडे वळा.

गंजलेल्या पिना काढायच्याच. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेचे दुमडलेले पाय पातळ पात्याने हलकेच सरळ करा आणि पिन मागच्या बाजूने, म्हणजे कण्याकडून, उपसा. ओढून काढली तर भोकाभोवती गंजाने कुजलेला कागद पिनेबरोबर निघून येतो. मग त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैलसर टाका घाला. सेलोटेप कुठेही लावू नका, कारण काही वर्षांत तिची पट्टी गळून पडते आणि तिचा चिकट पिवळा डाग मात्र पानावर राहतो. लॅमिनेशनचे नाव काढू नका.

स्वस्त कागदाचा पिवळेपणा लाकडातल्या लिग्निनमुळे असतो; तो परत पांढरा होत नाही, पण ऊन आणि उष्णता टाळली तर पिवळेपणा वाढण्याचा वेग कमी होतो. आपल्या मराठवाड्यात खरी गोम इथेच आहे. सगळे ओलीची भीती घालतात, पण आपल्याकडे वर्षातले आठ महिने हवा कोरडी असते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत त्याहूनही जास्त तापते आणि कागद पापडासारखा मोडतो. म्हणून पेटी पत्र्याखाली ठेवू नका. जाड भिंतीच्या, आतल्या अंगाच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, अंक आडवे आणि दहा-बाराच्या थप्पीत ठेवा, वरून धुतलेले सुती कापड घाला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कारण त्या कागदातले आम्ल आतल्या अंकाला लागते. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर तो कडकडीत वाळलेला हवा, नाहीतर त्याचाच डाग पडतो.

कसर लागलेली दिसली तर एक उपाय आहे, तो ऐकून लोक हसतात. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये, उणे अठरा-वीस अंशांत, दोन आठवडे ठेवायचे. कीड आणि तिची अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू द्यायची, म्हणजे दव अंकावर न धरता पिशवीच्या बाहेर धरते.

पाने कापून विकण्याबद्दल माझे मत विचाराल तर मी त्या संग्राहकाला चहा पाजून परत पाठवीन. हवे असल्यास त्याला चांगल्या दर्जाची छायाप्रत करून द्या. भिंतीवर लावलेली अस्सल पाने उजेडाने दोन-तीन वर्षांत फिकी पडतात, हे त्याला ठाऊक नसेल.

उत्तर २ : गंजगोलाई (लातूर)

कागदाचे झाले, आता गाडीचे सांगतो. त्यासाठी आधी माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल, कारण आपला पेंटर जे म्हणतो आहे तेच मी एकदा करून बसलो आहे.

माझ्याकडे राजदूत ३५० आहे. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून ती मी घेतली, तेव्हा तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. त्याच सुमारास पुण्याच्या जुन्या बाजारात मला १९७४ चे एक अमेरिकन मासिक मिळाले. त्यात माझी राजदूत जिच्यावरून बनली त्या यामाहा आरडी ३५० चा पानभर फोटो होता आणि पुढच्या चाकाला चकचकीत डिस्क ब्रेक होता. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला ड्रम होता. मी असे धरून चाललो की कोणीतरी मधल्या काळात डिस्क काढून ड्रम बसवला असणार. आपल्याकडे असे उद्योग होतातच. मग मी हिंडून-फिरून डिस्कचा सगळा संच जमवला, तो बसवला, आणि मूळ ड्रमचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकला. पुढे संभाजीनगरला जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात गाडी नेली. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, पुढच्या फोर्कवर हात ठेवला आणि विचारले, "बाकी समदं झकास हाय, पण ड्रम कुठं टाकलास लेका?"

झाले होते असे की, यामाहाने आरडी ३५० १९७३ मध्ये आणली आणि १९७५ नंतर बाहेरच्या देशांत तिची जागा दुसऱ्या मॉडेलने घेतली. एस्कॉर्ट्सने तीच गाडी राजदूतच्या नावाने आपल्याकडे १९८३ पासून बनवली, पण ती बनवताना पुढे डिस्कऐवजी ड्रम दिला आणि ताकद मुद्दाम उतरवली. परदेशातली गाडी ३९ अश्वशक्तीची म्हणून विकली जात होती. आपल्याकडची पहिली, जिला आपण हाय टॉर्क म्हणतो, ती साडेतीस अश्वशक्तीची आणि नंतरची लो टॉर्क २७ ची. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, तेलाचा वेगळा पंप हे सगळे तेच होते. म्हणजे त्या अमेरिकन मासिकातले प्रत्येक अक्षर खरे होते; फक्त ते माझ्या गाडीबद्दल नव्हते. तो हब परत मिळवायला मला दोन वर्षे लागली आणि भंगारात जेवढे मिळाले होते त्याच्या कितीतरी पट मोजावे लागले.

तेव्हापासून कुठलाही अंक उघडला की मी आधी तारीख पाहतो, मग देश पाहतो, आणि मग फोटोतली गाडी कारखान्यातून नुकतीच आलेली आहे की कोणीतरी नंतर सजवलेली आहे हे पाहतो. काही गाड्यांच्या बाबतीत परदेशी अंक अगदी नेमके लागू पडतात. बुलेटचेच घ्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याने ३५० ची ती घडण सोडून दिल्यानंतरही आपल्याकडे ७० बाय ९० मिलिमीटरचे ते ३४६ सीसीचे बिडाचे इंजिन, उजव्या पायाचा गिअर आणि न्यूट्रलचा तो वेगळा खटका अनेक दशके तसाच चालत राहिला. त्यामुळे १९५५-५६ च्या 'द मोटर सायकल'मध्ये बुलेटच्या गिअरबॉक्सची उकल केलेली आकृती मिळाली, तर ती नांदेडच्या मिस्त्रीलाही आज उपयोगी पडेल. आपल्या साठ अंकांत तशी आकृती असेल तर मला अवश्य कळवा.

जावा या दोन टोकांच्या मधली आहे. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची, प्रकार ३५३. यानेचेक हे संस्थापकाचे नाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोन्हींची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून ती आपल्याकडे बनवली आणि १९७३ नंतर तीच गाडी येझदी या नावाने विकायला सुरुवात केली. नाव बदलले त्या दिवशी यंत्र बदलले नव्हते. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअर यांची डाव्या बाजूची एकच दांडी, गिअर टाकताना आपोआप सुटणारा क्लच, हे सगळे दोन्ही नावांच्या गाड्यांत सापडते आणि पुष्कळ सुटे भाग एकमेकांना बसतात. म्हणून नुसती टाकी पाहून गाडीचे नाव ठरवणे म्हणजे फेटा पाहून गाव ओळखण्यासारखे आहे.

आपण असे करा. पहिल्यांदा इंजिनावरचा आणि चेसिसवरचा क्रमांक रॉकेलच्या बोळ्याने स्वच्छ करून आरसी बुकाशी ताडून पाहा. पॉलिश पेपर लावू नका, अंक झिजतात. दुसरे म्हणजे जिथे पेंटरचा ब्रश सहसा पोहोचत नाही तिथला रंग पाहा : सीटखालचा भाग, टाकीची खालची बाजू, हेडलाइटच्या डब्याचा आतला भाग. टाकीखाली एक रंग आणि बाकी अंगावर दुसरा रंग निघाला, तर टाकी दुसऱ्या गाडीची आहे असे समजायला हरकत नाही. तोपर्यंत पेंटरला गाडीला हात लावू देऊ नका.

उत्तर ३ : जाफरगेटचा रविवार

वरच्या दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी संग्रह वाढवण्याच्या प्रश्नावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. गेली वीस वर्षे मी रविवारी छत्रपती संभाजीनगरच्या जाफर गेटच्या बाजारात आणि इतर वारी रद्दीच्या दुकानांत हिंडतो. मासिके जमवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी की आपल्याकडची गुळगुळीत, रंगीत मोटार-मासिके फार उशिरा आली. 'ओव्हरड्राइव्ह' सप्टेंबर १९९८ मध्ये निघाले, 'ऑटोकार इंडिया' त्यानंतर वर्षभराने. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला होता, यामाहा आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले, आणि राजदूत ३५० तर त्याहूनही आधी गेली. त्याआधी दोन-चार मासिके निघत होती, पण त्यांचे अंक हाती लागणे कठीण. म्हणजे ज्या गाड्यांसाठी आज माणसे जीव टाकतात, त्यांच्याबद्दल आपल्या मोठ्या मासिकांत जे काही आले ते बहुतेक आठवणीतून आणि नव्याने सजवलेल्या गाड्या पाहून लिहिलेले आहे. पेटीतल्या अलीकडच्या अंकात येझदीचा सुंदर रंगीत फोटो सापडला तर तो कोणा हौशी मालकाच्या आवडीचा पुरावा आहे, कारखान्याच्या रंगाचा नव्हे.

दुसरी गोष्ट. मासिकांनी वेगाच्या गाड्यांवर पाने भरली आणि आपल्या मुलखात ज्यांनी खरे काम केले त्यांच्यावर ओळीसुद्धा खर्च केल्या नाहीत. वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये एम-८० आली. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे कडब्याची पेंढी, पुढे पोरगा, अशी ती वैजापूर-गंगापूरच्या रस्त्यांवर पंचवीस वर्षे पळाली. राजदूत १७५ ची तीच गत. मूळ पोलंडच्या एसएचएलची ती गाडी इथे मास्तरांची, ग्रामसेवकांची आणि दुधवाल्यांची झाली. या गाड्यांचा इतिहास हवा असेल तर तो मासिकांत शोधू नका. मालकाला गाडीबरोबर मिळणारे पुस्तक, सुट्या भागांची यादी, विक्रेत्याच्या पावत्या, गॅरेजची बिले, दुकानाचे कॅलेंडर असा किरकोळ कागद जमवा. रद्दीवाला तो वेगळा काढत नाही, कारण त्याच्या लेखी त्याला भाव नसतो, आणि म्हणूनच तो आधी नष्ट होतो. मला एम-८० चे सुट्या भागांचे पुस्तक भेळवाल्याच्या गाडीवर मिळाले. पहिली आठ पाने लोकांनी भेळीबरोबर नेली होती.

अंक विकत घेताना आणखी एक जपावे. वाचनालयांनी वर्षभराचे अंक एकत्र बांधलेले जाड खंड अधूनमधून स्वस्तात मिळतात. ते दिसतात भारदस्त, पण बांधणाऱ्याने बहुधा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात आणि कडाही कापून सारख्या केलेल्या असतात. गाडीचा रंग, किंमत, त्या वर्षी बदललेला भाग हे सगळे लेखापेक्षा जाहिरातीत जास्त नेमके असते, म्हणून मला तसे खंड अर्धे रिकामे वाटतात. 'द मोटर सायकल'चे तर १९०३ पासून दर आठवड्याला अंक निघत होते. मधले सगळे जुळवायला गेलात तर घर विकावे लागेल. फक्त आपल्या गाडीशी संबंध असलेले अंक शोधा आणि बाकीचे समोर आले तर घ्या.

कापण्याबद्दल शहागंजकरांएवढा मी कडवा नाही. एकाच अंकाच्या दोन प्रती असतील आणि एकीला आधीच वाळवी लागलेली असेल, तर तिची पाने द्यायला माझी हरकत नाही. पण समासात मामांचे अक्षर असलेले पान द्यायचे नाही, हे मात्र मलाही मान्य आहे.

उत्तर ४ : दुधनाकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवडे शांतपणे बसून मी आपण सांगितलेली कामे केली.

इंजिन आणि चेसिस, दोन्हींचे क्रमांक आरसी बुकाशी तंतोतंत जुळले. हेडलाइटच्या डब्यात आणि सीटखाली जुना गडद मरून रंग जसाच्या तसा आहे. टाकीची खालची बाजू मात्र नखाने खरवडली तर आधी काळा आणि त्याखाली हिरवा रंग निघाला. मरूनचा मागमूस नाही. गंजगोलाईकरांचा तर्क खरा ठरला असे म्हणून मी थांबणार होतो, पण पिना काढताना एकेक अंक उघडावा लागला आणि त्यात मामांच्या नोंदी वाचल्या गेल्या.

१९७७ च्या एका 'सायकल वर्ल्ड'मध्ये, कुठल्याशा डोंगरी शर्यतीच्या लेखाच्या समासात, त्यांनी लिहिले आहे : "मानवतजवळ कालव्याच्या भरावावरून घसरलो. गुडघा. टाकी चेपली, गळते. परभणीस येझदीची जुनी टाकी मिळाली, बसवली. मीटर ४१,३८०." त्यापुढच्या पानावर फक्त पेट्रोलचा हिशेब आहे, जणू काही झालेच नव्हते. मामींना ही नोंद वाचून दाखवली. त्यांना पडल्याचे आठवत होते. टाकी बदलल्याचे त्यांच्यापाशी मामा कधी बोलले नव्हते.

त्या संग्राहकाला मी नकार कळवला आहे. बुलेटच्या गिअरबॉक्सची आकृती १९५६ च्या एका अंकात सापडली, तिची छायाप्रत गंजगोलाईकरांना पाठवीत आहे. वीट झालेल्या अंकांना हात लावलेला नाही.

आता नवा पेच असा आहे की, जावाची मूळ टाकी शोधून बसवावी की मामांनी बसवलेली येझदीची टाकी राहू द्यावी? आणि नोंदणीचे काय? आरसीची मुदत संपून बराच काळ झाला आहे.

उत्तर ५ : बिंदुसरा (बीड)

नोंदणीपुरते मी सांगू शकतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदवण्याची सोय झाली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, ती दहा वर्षे चालते आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. आपली गाडी १९७२ ची असल्याने वयाच्या अटीत बसते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. इंजिन, चेसिस किंवा सांगाड्यात मोठा बदल केलेला नसावा, अशीही अट आहे. आपल्याला गाडी शेताकडे वगैरे चालवायची असेल तर आधी नेहमीच्या नूतनीकरणाची चौकशी करा आणि मगच या वाटेला जा. अर्ज करण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

उत्तर ६ : गंजगोलाई (लातूर)

आकृती मिळाली, आभारी आहे. टाकीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : काढू नका. मी हब भंगारात दिला तो कारखान्याचा होता आणि तरी मला त्याची किंमत कळली नाही. आपल्याकडे तर टाकी का बदलली, कुठे बदलली आणि तेव्हा मीटर किती होते, एवढे सगळे मालकाच्या हातचे लिहिलेले आहे. जावाची टाकी कधी योग्य दरात मिळाली तर घेऊन सुटी ठेवा, मेळाव्यापुरती बसवता येईल. सध्या आतून गंज काढून घ्या आणि गळती तपासा. आणि हो, त्या पेंटरला सांगा की हेडलाइटच्या डब्यातल्या रंगाचा नमुना घेऊन मगच मरून मिसळ.

उत्तर ७ : दुधनाकाठ

टाकी ठेवतो. मामींचेही तेच म्हणणे पडले. काल डब्याचा आतला भाग पेंटरला दाखवला, त्याने भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, "हे आधी दाखवायचं ना, पुस्तक कशाला दाखवलं?" टाकीच्या बाजूंना निकेल करून देणारा कोणी परभणी किंवा जालन्यात अजून काम करीत असेल तर कळवावे.